घाफची मुळं आणि खाली गेलेलं पाणी

शारजाहून अल धैदकडे जाताना गोदामांची शेवटची रांग मागे पडली की दोन्ही बाजूंना तांबूस वाळू सुरू होते. त्या वाळूत मधूनमधून एकेकटी झाडं उभी असतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला त्या बाभळी वाटल्या. गाडी बाजूला घेऊन जवळ गेलो, एक फांदी हातात घेतली आणि आजोळ आठवलं. मराठवाड्यातल्या आमच्या गावी दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी शिवेवर जायचो, तिथे ज्या झाडाची पूजा व्हायची ते हेच. सोनं म्हणून वाटायचा तो आपटा, पण पूजा या झाडाची. आजी त्याला सौंदड म्हणायची, पूजा सांगणारे काका शमी म्हणायचे. इथले अरब त्याला घाफ म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तिन्ही नावांचं झाड एकच, प्रोसोपिस सिनेरारिया.

तेव्हापासून या झाडाच्या मागे लागलो आहे. मिळेल ते वाचतो, भेटेल त्याला विचारतो, सुटीच्या दिवशी जाऊन पाहून येतो. घाफ हा संयुक्त अरब अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष आहे, 2008 पासून. 2019 हे वर्ष या देशाने सहिष्णुता वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा त्याच्या बोधचिन्हावर हेच झाड होतं. ते तोडायला बंदी आहे. एवढा मान असलेल्या झाडाच्या आसपास त्याची पोरंबाळं मात्र जवळजवळ दिसत नाहीत. म्हातारी झाडं भरपूर, रोपं नाहीत. हे असं का झालं, तेच इथे उलगडून मांडायचं आहे.

मैदान

ज्या जागेबद्दल बोलतो आहे ती हजर पर्वताच्या पश्चिम पायथ्याशी आहे. उत्तरेला रस अल खैमामधलं हमरानिया आणि दिगदागा, मधे शारजाचं अल धैद, त्याखाली मलैहा आणि मदाम, आणखी दक्षिणेला अल ऐन. हा सगळा उभा पट्टा म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचं आणि वाळूचं मैदान. देशात पाऊस वर्षाला सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास पडतो. आपण माण-खटावला दुष्काळी म्हणतो, तिथेही साधारण 500 मिलिमीटर पडतो. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जाणं नेहमीचं.

तरीही या पट्ट्यात झाडं आहेत, कारण डोंगरावर पडलेला पाऊस वाद्यांमधून खाली येतो आणि गोट्यांच्या थरात मुरतो. वादी म्हणजे एरवी कोरडी असलेली नदी. हजारो वर्षं असं मुरत आलेलं पाणी या मैदानाखाली होतं. वरून वाळवंट दिसणारी ही जमीन म्हणजे झाकण लावलेला हौद होता, आणि त्या हौदाचं तोंड ज्याला ठाऊक होतं ते झाड घाफ.

या देशात सुमारे 700 जातींच्या वनस्पती नैसर्गिकपणे वाढतात, आणि त्यांचे जगण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. एक मार्ग झोपून राहण्याचा. हिवाळ्यात पाऊस झाला तर बी रुजतं, काही आठवड्यांत फुलतं, बी टाकतं आणि मरतं. पाऊस नाही झाला तर ते बी वाळूत वर्षानुवर्षं पडून राहतं. दुसरा मार्ग खोल जाण्याचा. गोट्यांच्या जमिनीत समर, म्हणजे छत्रीसारखी पसरणारी बाभूळ. वाद्यांच्या काठी सिद्र, आपल्या बोरीची सख्खी बहीण. वाळूत मर्ख, ज्याला राजस्थानात खिंप म्हणतात. आणि वाळूतच घाफ. घाफची मुळं 30 मीटरपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडची दहा मजली इमारत जमिनीत उलटी गाडली तर होईल तेवढी ही खोली.

घाफ हे करतो कसं, ते कळलं की पुढची सगळी गोष्ट कळते. बी रुजलं की वर येतो तो काही सेंटिमीटरचा कोंब, पण त्याच वेळी खाली त्याच्या कितीतरी पट लांब मूळ सुटलेलं असतं. वर वाढायची त्याला घाई नसते. पावसाने वरची वाळू ओली केली की ती ओल सुकत खाली सरकते, आणि कोवळं मूळ त्या ओलीचा पाठलाग करत खाली जातं. ओल आणि मूळ यांची ही शर्यत असते. मूळ जिंकलं तर कायमच्या ओलाव्यापर्यंत पोचतं, आणि मग ते झाड शंभर-दोनशे वर्षं कुणाकडे काही मागत नाही. बहरीनच्या वाळवंटात एकटंच उभं असलेलं प्रसिद्ध झाड, ज्याला तिथे जीवनवृक्ष म्हणतात, तेही घाफच मानलं जातं. त्याचं वय सुमारे 400 वर्षं सांगतात.

एकदा मोठं झालं की हे झाड देतच राहतं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. सावली विरळ असते, त्यामुळे खाली गवत उगवतं. थरच्या वाळवंटातला शेतकरी बाजरीच्या शेतात खेजडी, म्हणजे हेच झाड, राखतो ती याचमुळे, आणि तिच्या शेंगांची सांगरी म्हणून भाजी करतो. 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात 363 बिश्नोई स्त्री-पुरुषांनी याच झाडासाठी जीव दिले. अरबस्तानात वाळवंटात कळप घेऊन फिरणाऱ्या बदू लोकांनी याच्या सावलीत तळ टाकले, पाला उंट-शेळ्यांना घातला, आणि टंचाईच्या काळात कोवळी पानं स्वतःही खाल्ली. आमच्या गावात पांडवांनी शस्त्रं याच झाडावर लपवली असं सांगायचे. तीन वेगळ्या मुलखांत, वेगवेगळ्या श्रद्धांच्या माणसांनी एकाच झाडाला हात जोडावेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पाणी काढायची दोन तंत्रं

मैदानाखालचं पाणी माणूस पूर्वीही काढत होता. त्यासाठी इथे फलज होते. डोंगराच्या पायथ्याशी एक मातृविहीर खणायची आणि तिच्यातलं पाणी अगदी मंद उताराच्या भुयारातून कित्येक किलोमीटर लांबच्या खजुरीच्या बागेपर्यंत आणायचं. अल ऐनजवळ हिली इथे सापडलेला फलज सुमारे 3000 वर्षं जुना आहे. अल ऐनच्या या जुन्या स्थळांना युनेस्कोने 2011 मध्ये जागतिक वारशात घेतलं.

फलजमध्ये पंप नसतो, पाणी उताराने येतं. म्हणजे भूजलाची पातळी भुयाराच्या तोंडाखाली गेली की फलज आपोआप आटतो. साठा हाताबाहेर उपसता येतच नाही. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची आपली फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही समज लगेच ओळखू येईल. पाणी येईल तेवढंच, आणि ते पाळीने.

मग पंप आले. दिगदागाला 1955 साली शेतीचं प्रयोगकेंद्र निघालं, तेव्हा हा मुलूख गरीब होता, आणि भाजीपाला इथेच पिकावा असं वाटणं अगदी योग्य होतं. 1962 मध्ये अबू धाबीचं तेल परदेशी जाऊ लागलं, 1971 मध्ये अमिरातींचा संघ झाला. पैसा आला तशी शेतं वाढली, विहिरी वाढल्या. घरात आणि हॉटेलात आज मुख्यतः समुद्राचं गोडं केलेलं पाणी येतं, पण शेतीचा भार बहुतांशी भूजलावरच राहिला. या मैदानातल्या शेती पट्ट्यांमध्ये काही दशकांत पाणी कित्येक मीटर खाली गेलं, काही ठिकाणी दहा-वीस मीटरांहूनही जास्त. जे उरलं ते अनेक ठिकाणी खारं झालं. अल ऐनच्या फलजांमध्ये आज पाणी खेळतं ठेवायला विहिरींतून पंपाने सोडावं लागतं. बोअरवेलच्या मागे धावणाऱ्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको. आधी दोनशे फूट, मग पाचशे, मग आठशे, आणि शेवटी नुसती धूळ.

जुन्या घाफचं मूळ आधीच खोल होतं. पाणी हळूहळू उतरलं तर तेही थोडंफार पाण्यामागे जाऊ शकतं. बसला तो फटका रोपांना. पूर्वी कोवळ्या मुळाला जिथे कायमची ओल भेटायची, ती जागा आता कितीतरी खाली आहे. शर्यतीचं अंतरच वाढलं, आणि एखाद-दुसऱ्या हिवाळी पावसाच्या जोरावर ती जिंकणं कोवळ्या मुळाच्या आवाक्यात राहिलं नाही.

1970 च्या दशकापासून देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष शेख झायेद यांनी घाफ तोडण्याविरुद्ध ठाम भूमिका घेतली, याबद्दल त्यांचा आदर वाटतो. रस्ते आखताना झाडं वाचवली गेली, आज दिसणारे म्हातारे घाफ उभे आहेत त्यात या भूमिकेचा मोठा वाटा आहे. पण बंदी कुऱ्हाडीवर होती. झाडाच्या बुंध्यापासून पाच किलोमीटरवर चालणारा पंप हाही त्या झाडावरचाच घाव आहे, हे त्या काळी जगात फारसं कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

उंट आणि चारा

घाफखाली उभं राहून वर पाहिलं की एक गोष्ट चटकन दिसते. झाडाचा घेर खालून सपाट असतो, जणू कुणी दोरी धरून कात्रीने कापला आहे. ती रेषा जमिनीपासून सुमारे तीन मीटरवर असते, म्हणजे मान उंच केल्यावर उंटाचं तोंड पोचतं तिथे. तिच्या वर हिरवागार पाला, खाली एकही पान नाही. ज्या झाडाचं डोकं त्या रेषेच्या वर गेलं आहे ते तगलं. रेषेखालचं प्रत्येक रोप रोज खाल्लं जातं.

उंट इथे हजारो वर्षांपासून आहे, मग आताच काय बिघडलं? बिघडलं ते चाऱ्यात. पूर्वी कळप किती मोठा ठेवायचा हे वाळवंट ठरवायचं. दोन वर्षं पाऊस झाला नाही की चारा संपायचा, बदू कळप घेऊन दुसरीकडे जायचा किंवा कळपच लहान व्हायचा, आणि मागे राहिलेल्या जमिनीला उसंत मिळायची. अरबस्तानात काही जमिनी चराईसाठी बंद ठेवायची जुनी रीतही होती, तिला हिमा म्हणतात. आपल्या गावांमध्ये कुरण राखायचे तसंच ते. तेलानंतर उंटाला विकतचा चारा मिळू लागला. ऱ्होड्स गवत नावाचा चारा याच मैदानात भूजल उपसून पिकवला गेला, आणि तो पिकवायला अनुदानही होतं. आता पाऊस पडो न पडो, कळप जगतो आणि वाढतो. पोट गोठ्यातल्या गवताने भरतं, पण उंटाला बाहेर सोडलं की तो चघळायला हिरवं शोधतोच, आणि त्याला सापडतं ते कोवळं रोप.

इथे पंप आणि उंट एकाच साखळीत येतात. पाणी उपसून चारा पिकवला, चाऱ्यावर जास्त उंट जगले, उंटांनी रोपं खाल्ली, आणि त्याच उपशामुळे उरलेल्या रोपांना ओल मिळाली नाही. घाफवर एकाच गोष्टीचा दोन बाजूंनी मार बसला.

चराई किती झाली हे ओळखायची एक सोपी खूण आहे, आपल्या लोकांना ती पटकन कळेल. रुई पाहा. जनावर रुईला तोंड लावत नाही, म्हणून बाकीचं सगळं खाल्लं गेलं की रुई माजते. अल धैदच्या आसपास अशा कित्येक जागा आहेत जिथे नजर जाईल तिथवर रुई आणि तिच्या पायाशी कडू इंद्रावणाचे वेल, दुसरं काही नाही. दुरून हिरवं दिसतं. फोटो काढला तर छानही येतो.

धाकटा घाफ

आता या प्रकरणातलं दुसरं झाड. त्याला अमिरातीत घुवैफ म्हणतात, म्हणजे धाकटा घाफ. मराठीत आपण त्याला वेडी बाभूळ म्हणतो, कच्छमध्ये गांडो बावळ म्हणतात, अर्थ तोच. मूळचं मध्य अमेरिकेकडचं हे झाड, मेस्किट. आखातात ते आणलं गेलं ते वाळू थोपवायला आणि हिरवाई करायला. कारण साधं होतं: खारी जमीन चालते, खारं पाणी चालतं, उन्हाने मरत नाही आणि भराभर वाढतं. रस्त्यावर येणारी वाळू ज्यांनी फावड्याने उपसली असेल त्यांना हे झाड देवासारखं वाटलं असणार. ज्यांनी लावलं त्यांना मी दोष देणार नाही. गुजरातच्या वनखात्यानेही 1961 पासून बन्नीच्या गवताळ प्रदेशात कच्छच्या रणाचा खारेपणा रोखायला हेच झाड लावलं, आणि ज्या कुरणावर तिथल्या पशुपालक मालधाऱ्यांच्या म्हशी जगत होत्या त्याचा मोठा भाग काटेरी रान झाला. आपल्याकडच्या गायरानांत, तळ्यांच्या काठी आणि बंद पडलेल्या कालव्यांत ते कसं माजलं आहे हे सोलापूर-धाराशिवकडच्या कुणालाही विचारा.

दोन्ही झाडं दुरून सारखी दिसतात. तीच पिसासारखी पानं, तीच पिवळट फुलांची लोंबती कणसं. ओळखायचं तर फांदी जवळ घ्यावी लागते. वेड्या बाभळीचा काटा पान जिथून फुटतं त्या पेरापाशी असतो, बहुधा जोडीने, लांब आणि कडक, चपलेतून पायात जाणारा. घाफचे काटे लहान, तळाशी रुंद, गुलाबाच्या काट्यांची आठवण देणारे, आणि ते दोन पेरांच्या मधल्या भागावर विखुरलेले असतात. पानाचा रंगही वेगळा. घाफचा किंचित राखाडी, सिनेरारिया या नावातही राखच आहे. बोट फिरवलं की चुकत नाही. हे सविस्तर सांगतो आहे, कारण घाफ समजून वेडी बाभूळ जपणारी आणि वेडी बाभूळ समजून घाफ छाटणारी, अशी दोन्ही माणसं मी पाहिली आहेत.

वनस्पतिशास्त्रज्ञांनीही 2022 मध्ये दोघांचं भावकीचं नातं मोडलं. प्रोसोपिस हे नाव आता घाफ आणि त्याच्या दोन जवळच्या जातींपुरतं राहिलं, मेस्किट नेल्टुमा या वेगळ्या प्रजातीत गेलं. इतकी वर्षं दोघांना एका नावाने बांधल्यामुळे जो गोंधळ झाला तो यामुळे थोडा तरी कमी व्हावा.

वेडी बाभूळ पसरते ती उंटाच्याच मदतीने. तिच्या शेंगा गोड असतात, जनावरं आवडीने खातात. बी पोटातून जाताना त्याचं कठीण कवच मऊ होतं आणि ते लेंडीच्या खतासकट बाहेर पडतं, रुजायला तयार. पाल्याला मात्र जनावर सहसा तोंड लावत नाही. म्हणजे उंट घाफची रोपं खातो आणि वेड्या बाभळीचं बी पेरतो. वादीला पूर आला की ते बी आणखी दूर जातं. आणि मूळ? या मेस्किटांच्या गोतातल्या एका झाडाचं मूळ अमेरिकेत अॅरिझोनामधल्या खाणीत 53 मीटर खोल सापडलं होतं. पाण्याच्या शर्यतीत ती घाफला हार जाणारी नाही.

तिच्याखाली काय होतं, हे इथल्याच संशोधकांनी मोजलं आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मोठ्या आणि दाट मेस्किटांखाली स्थानिक वनस्पतींची संख्या आणि विविधता घटलेली आढळली. हिवाळ्यात उगवून जाणाऱ्या हंगामी वनस्पतींना सगळ्यात जास्त झळ बसली होती. आणि गंमत म्हणजे त्याच झाडांखालची माती नायट्रोजन, पोटॅश आणि सेंद्रिय अंशाने अधिक कसदार झाली होती. कस आहे, सावली आहे, तरी उगवत नाही. हा निष्कर्ष मी दोनदा वाचला. जमीन सुधारली म्हणजे रान सुधारलं असं नाही, हे त्यातून इतकं स्पष्ट दिसतं की हिरवाईचे आकडे वाचताना आता मी नेहमी विचारतो, या हिरव्याच्या खाली काय उगवतं आहे?

नळीवरचे घाफ

यावर कुणी म्हणेल, घाफ तर हजारोंनी लावले जात आहेत. खरं आहे. देशात वन म्हणून मोजलं जाणारं क्षेत्र सुमारे तीन लाख हेक्टर आहे आणि ते जवळजवळ सगळं लावलेलं आहे. त्यात घाफ, समर, सिद्र, पिलू अशी इथलीच झाडं मोठ्या संख्येने आहेत, ही चांगली गोष्ट. महामार्गाच्या कडेला कुंपणाआड ओळीने उभी असलेली ही वनं गाडीतूनही दिसतात.

एका अशा ओळीत मी वाकून पाहिलं होतं. प्रत्येक बुंध्यापाशी ठिबकची काळी नळी, तिच्या थेंबाखाली थाळीएवढा ओला गोल, आणि गोलाच्या कडेने मिठाची पांढरी किनार. पाणी खारट, थेंबाथेंबाने येतं, सुकतं, मीठ मागे राहतं. झाड हिरवं होतं. पण त्याची मुळं त्या थाळीएवढ्या ओलीतच घुटमळणार. ज्या झाडाचं सगळं कसब खाली जाण्यात आहे त्याला आपण रोज दारात पाणी आणून दिलं, तर ते खाली जाईल कशाला? ठिबक लावून डाळिंब वाढवणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं. मुळं पाण्यापाशी राहतात, आणि नळी चुकली की बाग बसते. डाळिंबासाठी ते ठीक आहे, दोन-तीन वर्षांत फळ हाती येतं. दोनशे वर्षं जगायच्या झाडाला मात्र आपण नळीला बांधून टाकलं. ती नळी भरते कुठून? अनेक ठिकाणी त्याच भूजलातून, जे उतरल्यामुळे रानातल्या घाफची रोपं जगत नाहीत.

माझं म्हणणं असं, की घाफ लावायचा तर पहिली दोन-तीन वर्षं पाणी द्यावं, पण कमी वेळा आणि एकदम भरपूर, ओल खोल जाईल असं. मग अंतर वाढवत न्यावं आणि नळी काढून घ्यावी. काही रोपं मरतील. जी उरतील ती घाफ असतील. याहून सोपा आणि स्वस्त मार्ग म्हणजे जिथे म्हातारे घाफ आहेत तिथे नुसतं कुंपण घालून वाट पाहणं.

जे केलं गेलं

हा मार्ग पाहायला मिळतो दुबईच्या वाळवंट संवर्धन क्षेत्रात. 225 चौरस किलोमीटर, म्हणजे दुबई अमिरातीच्या जमिनीचा सुमारे 5 टक्के भाग, 2003 मध्ये राखीव झाला आणि त्याला कुंपण आहे. आत ओरिक्स, म्हणजे अरबस्तानातलं लांब शिंगांचं रानजनावर, आणि हरणं आहेत. कुंपणाच्या एका बाजूला उघडी वाळू आणि दुसऱ्या बाजूला गवताचे आणि झुडपांचे पुंजके, हा फरक डोळ्यांना दिसतो. अर्थात बंदिस्त जागेत ओरिक्स वाढले तर तेही चरतात, म्हणून त्यांची संख्याही पाहावी लागते.

अबू धाबीने 2010 मध्ये ऱ्होड्स गवताचं अनुदान बंद करायला सुरुवात केली. मला तर हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाटतो, जरी त्यात झाडाचं नावही नव्हतं. 2020 मध्ये तिथे चराईसाठी कायदा झाला आणि परवान्याची पद्धत आली. प्रक्रिया केलेलं सांडपाणी बागांना आणि वनांना देण्याचं प्रमाण वाढतं आहे. उत्तरेकडच्या अमिरातींमध्ये वेडी बाभूळ काढायचं कामही होतं. ती काढणं मात्र सोपं नाही. बुंधा जमिनीलगत कापला तर एकाचे दहा फुटवे येतात. जमिनीखाली जिथून फुटवे सुटतात तो गड्डा खणून काढावा लागतो, आणि पुढची कित्येक वर्षं बी रुजत राहतं ते उपटावं लागतं. त्याहून अवघड भाग असा की हे काम करणाऱ्याला दोन काट्यांमधला फरक कळायला हवा.

2024 चा पाऊस

16 एप्रिल 2024 ला या देशात जो पाऊस झाला तो साऱ्या जगाने पाहिला. पाण्यात उभी विमानं, बुडालेल्या गाड्या. अल ऐनकडच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत 254 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे सरासरीच्या हिशेबाने दोन-अडीच वर्षांचा पाऊस एका दिवसात. आम्ही आठवडाभर घरातलं पाणी काढत होतो. त्यानंतर मला एकच उत्सुकता होती. एवढी ओल खोल गेली असेल, तर हीच संधी.

उन्हाळा सरल्यावर, डिसेंबरमध्ये, एका म्हाताऱ्या घाफकडे गेलो. जवळच्या उंटांच्या वाड्यावर राखणीला असलेले एक काका भेटले, पाकिस्तानातल्या थरपारकरचे. त्यांनी हिंदी-उर्दूत विचारलं, काय शोधता? मी म्हटलं, या झाडाची रोपं. ते म्हणाले, आमच्याकडे याला कंडी म्हणतात, आमच्या शेतात आहेत. मी त्यांना आमच्याकडचं नाव सांगितलं. सौंदड. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

मग आम्ही दोघं वाळूत वाकून शोधत फिरलो. वादीच्या बाजूला वेड्या बाभळीची रोपं मोजता येणार नाहीत इतकी होती, गुडघ्याएवढी, टवटवीत. घाफच्या भोवती काहीच सापडेना. काका मला वाड्याच्या मागे घेऊन गेले. तिथे मोडक्या जाळीचं एक पिंप उलटं घालून ठेवलं होतं, वर दगड. उंट येतात म्हणून मीच ठेवलं, ते म्हणाले, पण कंडी आहे की ते दुसरं, अजून नक्की कळत नाही. जाळीच्या आत वीतभर उंचीचं रोप होतं. मी दगड उचलला, पिंप बाजूला केलं, आणि पेरापासून वर बोट सरकवत नेलं. काटा दोन पेरांच्या मधे होता.